माठाचा घाम

श्रोतेहो, एक कोडं घालतो. मे महिन्यात नागपूरचं ऊन भाजून काढतं, तरी तिथल्या माठात पाणी गारेगार. मुंबईत ऊन त्याहून सौम्य, पण माठ तितका गार होत नाही. असं का?

माठ घामेजतो. बाहेर पाझरलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, ती बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी निवेल! (आम्हा कवींना मातीचा वास तेवढा कळतो.) मुंबईची हवा मुळातच ओली, घाम वाळणार कसा? माणसाचाही वाळत नाही. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघातानं माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.