कपाचा कान



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या आपल्या चित्रकलेच्या मास्तरांविषयी एखाद्या चित्रकाराने बोलणे अधिक उचित झाले असते. मला सरळ रेघही ओढता येत नाही. जन्मभर भाषा शिकवली. तेव्हा भाषेच्या अंगानेच लहान मुलांच्या चित्रांकडे पाहणार आहे.

१९५८ साली मी या शाळेत पाचवीत होतो. मास्तर तिवईवर पितळी तांब्या ठेवीत. पण फळ्यावर त्याची आकृती काढून देत नसत. एकेकाला जवळ बोलावून तांब्यावरून हात फिरवायला लावीत. "पोट कुठे सुटलंय? गळा कुठे आवळलाय? बूड कसं टेकलंय?" एवढे विचारून झाले की जागेवर पाठवीत. माझा तांब्या नेहमी कलता यायचा. त्यावर त्यांनी कधी फुली मारली नाही. "लवंडतोय रे तुझा, पाणी सांभाळ," एवढेच म्हणायचे. इंदूर हे चित्रकारांचे गाव. देवळालीकर गुरुजींपाशी बेंद्रे आणि हुसेन येथेच शिकले. पुढे १९६७ साली हुसेन यांनी केलेल्या लघुपटात छत्री, कंदील आणि जोडा या तीन साध्या वस्तू पुनःपुन्हा दिसतात. त्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. तो पाहताना मला आमच्या तिवईची आठवण झाली होती.

असे मास्तर लाभूनही मी एक अपराध केला. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याने कप काढून आणला. वर पूर्ण गोल तोंड, खाली आडवी सरळ रेघ. मी खोडरबर घेतले, तोंड लंबगोल केले, बुडाला बाक दिला आणि त्याला यथादर्शन समजावून सांगितले. शास्त्राने मी बरोबर होतो. मुलाचे म्हणणे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. कपाच्या काठावरून बोट फिरवले तर ते गोलच फिरते, आणि कप टेबलावर पक्का बसतो म्हणून त्याचे बूड सरळ. या वयाची मुले डोळ्यांपुढचे दृश्य काढीत नाहीत. वस्तूविषयी त्यांना जे ठाऊक असते ते काढतात. त्याने दोन खऱ्या गोष्टी एका चित्रात सांगितल्या होत्या आणि मी त्या दोन्ही पुसल्या. आमच्या घरात त्याचे त्यानंतरचे एकही चित्र नाही.

गेल्या दिवाळीत त्याची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून ती कप, छत्री, पेन्सिल अशा वस्तू काढते. प्रत्येकीला दोन टपोरे डोळे, हसरे तोंड, गुलाबी गाल. मला हा गोडवा बाजारू वाटला. न राहवून मी विचारले, "कपाला डोळे असतात का गं?"

ती म्हणाली, "आजोबा, कान असतो ना?"

मराठीचा प्राध्यापक निरुत्तर झाला. कपाला कान, बाटलीला मान, फणीला दात, खुर्चीला पाय, मडक्याला तोंड, नारळाला तर डोळेही आपल्या भाषेने केव्हाच दिले आहेत. लहान वस्तूचे कौतुकही ती करते: डबा आणि डबी, लोटा आणि लोटी, पळा आणि पळी. नात फक्त भाषेने अर्धवट सोडलेला चेहरा पुरा करीत होती.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. त्या चित्रफितींत किटली, उशी आणि पाव सारखेच हसतात. वस्तूचा चेहरा वस्तूतून यायला हवा. म्हणून मी तिला स्वयंपाकघरात नेले आणि हवी ती वस्तू निवडायला सांगितले. तिने पोचे आलेले जुने पातेले उचलले. मास्तरांचे प्रश्न मी विचारले, तिने हात फिरवला. खोडरबर मी आधीच खिशात घातले होते. जाड खडूने, मोठ्या कागदावर, खांद्यापासून हात हलवीत तिने ते काढले. (लहान मुलांना टोकदार पेन्सिल आणि वीतभर कागद देणे ही शिक्षा आहे, असे माझे मत झाले आहे.) पातेले हसत नव्हते. पोचा होता तिथला डोळा तिने मिटलेला काढला. "याला लागलंय," म्हणाली. कडी मात्र एकच काढली. दुसरी मागच्या बाजूला होती, असा तिचा खुलासा. म्हणजे यथादर्शनही हळूहळू येतेच. त्यासाठी घाई करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

मास्तरांचा तो तांब्या आज शाळेत नाही, असे कळले. मी घरचा घेऊन आलो आहे. आमच्या आईच्या वेळचा आहे, काठाला थोडा चेपला आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तो पहिलीच्या वर्गात तिवईवर ठेवून घ्यावा, आणि कृपा करून कपाटात बंद करू नये.