कर्करोगावर ऊष्मा आणि औषध



आपल्या मुळशी तालुक्यात, लवळे येथे, सिंबायोसिस विद्यापीठाचे नॅनोविज्ञान केंद्र आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. लोह-ऑक्साइडच्या दहा-वीस नॅनोमीटर कणांवर औषध चढवून ते गाठीत पोहोचवावयाचे. बाहेरून दिशा पालटणारे चुंबकीय क्षेत्र लावताच कण तापतात. सुमारे ४२ ते ४३ अंश सेल्सिअसला रोगट पेशी दुर्बळ होतात, औषधही तेथेच सुटते आणि निरोगी पेशींना झळ कमी लागते, अशी ही कल्पना.

परंतु प्रयोगशाळेतील यश म्हणजे उपचार नव्हे. उष्णतेने औषध सोडणाऱ्या ‘थर्मोडॉक्स’ची यकृताच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०१३ मध्ये अयशस्वी ठरली. संशोधन चालू राहीलच. त्याची वाट पाहत तपासणी मात्र लांबवू नका. तोंडातील न भरणारी जखम वा अंगावरील गाठ दिसताच डॉक्टरांना दाखवा.