आधी छप्पर, मग वातानुकूलन



द्रोणागिरी वसाहतीला लागूनच बोकडवीरा येथे महानिर्मितीचे गॅसवर चालणारे वीज केंद्र उभे आहे. त्याची स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट. परंतु वीज केंद्राचा शेजार लाभला म्हणून घरातील मीटर सावकाश फिरत नाही, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. मे महिन्याचे देयक हाती पडले की घरोघरी चौकशी सुरू होते. पंखा कोणी चालू ठेवला? एसी किती वेळ चालला? दिवा कोणी मालवला नाही? घरातल्या माणसांची झडती होते, छपराची मात्र कोणी घेत नाही. वस्तुतः सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या घरात शिरणाऱ्या उष्णतेचा फार मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबमधून येतो.

माळा गेला, स्लॅब आला

उरण परिसरातील जुन्या कौलारू घरांची रचना आठवून पाहावी. उतरते छप्पर, कौलांखाली वासे आणि रिपा, आणि त्याखाली लाकडी माळा. माळ्यावर पेंढा, मासेमारीची जाळी, जुनी भांडीकुंडी. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगळुरी कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. उन्हाने कौल तापे, परंतु तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई. उरलेली उष्णता माळ्यावरची हवा आणि पेंढा अडवून धरी. माळा बांधला जाई तो सामान ठेवण्यासाठी. पण खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर तो नकळत छत्री धरी. थंड देशांत हाच माळा काचतंतूंच्या जाड थराने झाकतात, तो घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. येथे काम तेच, दिशा मात्र उलटी. बाहेरचे ऊन आत येऊ द्यायचे नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि शेती-मिठागरांच्या या प्रदेशात नवे शहर आकाराला येऊ लागले. १२ जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वे थेट उरणपर्यंत धावू लागली आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्थानक मिळाले. साहजिकच येथे घर घेणाऱ्यांची पावले वाढली. स्लॅबच्या इमारतींनी या कुटुंबांना हक्काचा, पक्का निवारा दिला, हे नि:संशय. पण स्लॅबने माळा मात्र काढून घेतला. काँक्रीट उष्णता साठवते. दुपारी पोटात घेतलेले ऊन ते संध्याकाळपासून घरात सोडू लागते. म्हणूनच सूर्य मावळल्यावरही वरच्या मजल्यावरचे छत हाताला गरम लागते आणि पंखा लावला तर छतालगतची तापलेली हवाच अंगावर येते. दमट किनाऱ्यावर घाम वाळत नाही आणि अंगाची काहिली शमत नाही. अशा घरातील वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना रात्रीही विसावा नसतो. हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, तो प्रकृतीचाही आहे.

गणित काय सांगते?

केंद्र सरकारने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असता छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता पार होऊ नये, अशी मर्यादा तीत घातली आहे. उघड्या स्लॅबमधून साधारण त्याच्या अडीच ते तीन पट उष्णता आत येते. उदाहरणादाखल ३० चौरस मीटरचे घर घ्यावे. उन्हाच्या माऱ्याने गच्चीवरचा परिणामी उष्मा घरापेक्षा २५ अंशांनी अधिक मानला, तर उघड्या स्लॅबमधून सुमारे २,५०० वॅट उष्णता घरात ओतली जाते. संहितेच्या मर्यादेत बसणाऱ्या छपरातून येते ती केवळ ९०० वॅट. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे उघड्या स्लॅबखाली त्याची सुमारे सत्तर टक्के शक्ती निव्वळ छपराशी झुंजण्यात खर्ची पडते.

तो खर्च देयकात कसा उतरतो, तेही पाहण्याजोगे आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून मोठा, ५०० पर्यंत त्याहून मोठा आणि पुढे आणखी. उन्हाळ्यात वाढलेली युनिटे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. तेव्हा जी युनिटे वाचतात, तीही महागडीच असतात.

उपाय कोणते?

पहिला उपाय सर्वांत स्वस्त. गच्ची स्वच्छ धुऊन तिला उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. नवा पांढरा थर सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत पाठवतो; करडे काँक्रीट बहुतांश भाग गिळते. पण बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर वाहतुकीची धूळ आणि पावसाळ्यातील शेवाळ हा रंग काळवंडून टाकतात. म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी गच्ची घासून धुणे अगत्याचे. कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवण्याची मुंबईतील जुनी पद्धत अधिक टिकाऊ. तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

दुसरा उपाय खऱ्या अर्थाने माळा परत आणणारा आहे. वॉटरप्रूफिंगच्या वेळी स्लॅबवर एक्सपीएसच्या, म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या पण अधिक घट्ट फोमच्या, पाट्या बसवाव्यात आणि त्यांवर संरक्षक थर द्यावा. गणिताने दोन सेंटिमीटर जाडीही संहितेची मर्यादा गाठून देते. व्यवहारात चार-पाच सेंटिमीटर घेणे शहाणपणाचे. हे आवरण घराच्या आतून बसवण्यापेक्षा गच्चीवर बसवणे केव्हाही श्रेयस्कर, कारण मग मुळात स्लॅबच तापत नाही. घरात उघडा थर्माकोल छताला चिकटवणे तर आगीला आमंत्रण देण्यासारखे आहे.

तिसरा उपाय सावलीचा. सौर पॅनेल चौकटीवर उंच बसवले, तर वीज मिळते आणि गच्चीवर सावलीही पडते. पत्र्याची शेडही सावली देते. मात्र तिच्या बाजू खुल्या हव्यात, नाहीतर ती भट्टी होते. शिवाय खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो आणि शेडला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. कोणताही उपाय योजताना जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत जाऊ नये. ते ओझे अखेर स्लॅबलाच वाहायचे असते. संरचना अभियंत्याचा सल्ला आधी, गवंडी नंतर.

गच्ची कोणाची?

खरी अडचण तंत्रज्ञानाची नाही, मनाची आहे. छप्पर तापते ते वरच्या मजल्याचे, आणि गच्ची असते सर्वांची. तळमजल्यावरचा सभासद म्हणतो, ‘ऊन त्यांच्या डोक्यावर, वर्गणी आम्ही का द्यावी?’ ही भाषा सहकाराची नव्हे. पंप तळाशी असतो आणि पाणी वर चढते. तेव्हा वरचा सभासद ‘पंप तुमच्या दाराशी’ असे म्हणून हात झटकत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीही गच्चीची आणि तिच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्याच शिरावर ठेवली आहे. ती दुरुस्ती आज ना उद्या करावी लागणारच. त्याच कामात उष्णतारोधक थर घातला, तर मजुरी एकदाच पडते आणि ऊन-पाऊस दोन्हींचा बंदोबस्त होतो. एका भिंतीचा आधार घेऊन राहणाऱ्यांनी एका छपराचा भार वाटून घेऊ नये, तर मग संस्था कशासाठी?

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते आणि पाऊस ओसरल्यावरचे कोरडे महिने गच्चीच्या कामाला सर्वांत सोयीचे. तेव्हा यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेत छपराचा विषय घालण्याची लेखी मागणी प्रत्येक इमारतीतून जावी. ती केवळ वरच्या मजल्यावरून न जाता तळमजल्यावरूनही जावी, हे अधिक शोभेल. नवा एसी घेण्यापूर्वी एका दुपारी गच्चीवर जाऊन यावे. चटका पायाला बसला, की पैसा कोठे खर्च करायचा याचे उत्तर तेथेच मिळेल.