पाण्याची नळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'आरटी-पीसीआर' ही अक्षरं २०२० पूर्वी प्रयोगशाळेबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. मग करोना आला आणि ती घराघरांत तोंडी बसली. पूर्वी लोक 'ताप किती आहे?' असं विचारायचे, तसं फोनवर 'सीटी किती आली?' असं विचारू लागले. हातात पडणाऱ्या रिपोर्टवर पेशंटचं नाव असे, वय असे, निकाल असे. पण तो निकाल ज्या एका नळीच्या भरवशावर दिलेला असे, तिचा उल्लेख त्यावर नसे. त्या नळीत कुठल्याच पेशंटचा नमुना नसतो, नुसतं पाणी असतं. आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

आधी पीसीआर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. तो साधारण ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की धागे सुटे होतात. मग तापमान ५५-६० अंशांवर आणलं की 'प्रायमर' नावाचे वीसेक अक्षरांचे छोटे तुकडे आपापली जागा शोधून चिकटतात. नंतर ७२ अंशांवर एक एन्झाइम तिथून पुढे नवा धागा विणतं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तोच हिशेब. दहा फेऱ्यांनंतर १,०२४ प्रती, वीस फेऱ्यांनंतर साडेदहा लाख आणि तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटी. प्रत्यक्षात थोड्या कमी भरतात, पण काम दीड-दोन तासांत होतं. करोनाचा विषाणू आरएनएचा असल्यामुळे आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागतो. 'आरटी' ही अक्षरं त्या पायरीची.

ही युक्ती १९८३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरी मुलिस यांना सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. मात्र दोन प्रायमर लावून डीएनएच्या प्रती काढण्याची कल्पना डॉ. हरगोविंद खुराना यांच्या गटाने १९७१ मध्येच एका निबंधात मांडून ठेवली होती, हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं. सुरुवातीला अडचण अशी होती की ९५ अंशांवर एन्झाइमच निकामी व्हायचं, आणि दर फेरीला नवं घालावं लागायचं. ती अडचण सुटली थॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये यलोस्टोनच्या उन्हाळ्यातून, म्हणजे गरम झऱ्यातून, आणलेल्या एका जिवाणूमुळे. कढत पाण्यात राहणाऱ्या या जिवाणूचं एन्झाइम उष्णतेला दाद देत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जे तंत्र दहा रेणूंचे अब्जावधी करतं, त्याला ते दहा रेणू कुठून आले हे कळत नाही. पेशंटच्या घशातले असोत, तुमच्या बाहीवरचे असोत की गेल्या आठवड्याच्या प्रयोगातले असोत, सगळे सारखेच वाढतात. काम झालेल्या एका नळीत लाख कोटी प्रती असू शकतात. तिचं झाकण उघडताना डोळ्यांना न दिसणारा तुषार उडतो. त्यातल्या अगदी सूक्ष्म थेंबातही हजारो प्रती असतात. तो पिपेटच्या दांड्यावर बसला, की उद्याचा प्रत्येक नमुना पॉझिटिव्ह यायला मोकळा.

म्हणून ही पाण्याची नळी. तिच्यात बाकी सगळं घालायचं, एन्झाइम, प्रायमर, क्षार. फक्त नमुन्याच्या जागी शुद्ध पाणी. तिच्यात काहीही वाढता कामा नये. प्रयोगशाळेत तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. नवी मुलं ती नाखुशीनेच लावतात. किट महाग, नमुने पुष्कळ, आणि एक जागा पाण्यावर का घालवायची, असा त्यांचा चेहरा असतो. मग मी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगते.

'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' नावाचा एक आजार आहे. माणूस वर्षानुवर्षं कमालीचा थकलेला राहतो, काहींना अंथरूण सोडवत नाही. कारण सापडत नसल्यामुळे 'सगळं तुमच्या मनाचं आहे' हे या रुग्णांनी आयुष्यभर ऐकलेलं. ऑक्टोबर २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात 'एक्सएमआरव्ही' हा विषाणू सापडला होता आणि २१८ निरोगी लोकांपैकी फक्त आठ जणांच्या. शोधाचं साधन होतं पीसीआर. रुग्णांना काय वाटलं असेल याची कल्पना करा! काहींनी तर एचआयव्हीवरची औषधं सुरू केली. काही देशांनी या रुग्णांना रक्तदानाची बंदी केली.

पण २०१० उजाडल्यावर इतर प्रयोगशाळा शोधू लागल्या तर विषाणू सापडेना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की बाजारातल्या एका किटमध्येच उंदराच्या डीएनएचा अंश आहे आणि एक्सएमआरव्हीसाठी वापरले जाणारे प्रायमर त्याला चिकटतात. उंदराचा संबंध काय? नळी तापेपर्यंत एन्झाइम गप्प राहावं म्हणून त्याला एक प्रतिपिंड जोडतात आणि ते उंदराच्या पेशींपासून बनवतात. २०११ मध्ये आणखी कळलं, की हा विषाणू मुळात निसर्गातला नव्हेच. १९९० च्या दशकात माणसाच्या कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवताना, उंदरांच्या दोन विषाणूंची सरमिसळ होऊन तो जन्मला होता. मूळ निबंधातले काही नमुने प्रयोगशाळेतल्याच डीएनएमुळे दूषित झाल्याचं त्यातल्या एका सहलेखकाच्या गटालाही आढळलं. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'ने निबंध मागे घेतला. २०१२ मध्ये इयन लिपकिन यांच्या देखरेखीखाली, कुठला नमुना कुणाचा हे तपासणाऱ्यांपासून लपवून, पुन्हा चाचणी झाली. १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसं. विषाणू एकातही नव्हता. आजार मात्र खरा होता, आणि रुग्ण तीन वर्षांनी जिथल्या तिथे.

इथे कुणी विचारेल, अशा अशुद्धीत पाण्याची नळी हमखास बोलायला नको का? हे नीट समजून घ्यायला हवं. अशुद्धी थोडी असेल तर ती प्रत्येक नळीत पडत नाही. समजा, वीसातल्या एका नळीत ती शिरते. मग एकच पाण्याची नळी लावणारा वीसपैकी एकोणीस वेळा बेसावध राहील. दहा नळ्या लावल्या तरी ती पकडण्याची शक्यता चाळीस टक्केच. त्यामुळे एक पाणी लावून 'कंट्रोल स्वच्छ आहे' असं वहीत लिहिणं मला पुरेसं वाटत नाही. पाण्याच्या नळ्या नमुन्यांच्या अधूनमधून पेरायच्या. आणि पाण्यानेही नमुन्याइतकाच प्रवास करायचा, म्हणजे डीएनए काढण्याच्या पहिल्या पायरीपासून. रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने एकाच दिवशी, एकाच हाताने, मिसळून चालवायचे.

पहिली पायरी म्हणजे तरी कुठली? जर्मनीच्या पोलिसांना हे महागात पडलं. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांत सापडत होता. तिच्यासाठी तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला, की तो डीएनए नमुने टिपण्याच्या कापसाच्या बोळ्यांवरच होता. बोळे तयार करण्याच्या कामातल्या एका बाईचा. बोळे निर्जंतुक होते. पण जंतू मेला तरी डीएनए नष्ट होतोच असं नाही. त्यानंतर अशा साहित्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, तेही २०१६ मध्ये.

पाण्याने वेळेवर इशारा दिल्याचं उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने राज्यांना करोना तपासणीची किटं पाठवली. प्रयोगशाळांनी आधी नुसतं पाणी चालवून पाहिलं आणि पाणीच पॉझिटिव्ह! तपासणी रखडली, जवळजवळ सगळा महिना हातचा गेला. पण खोटे रिपोर्ट लोकांच्या हाती पडले नाहीत. आपल्याकडे त्या जानेवारीत ही तपासणी फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होत होती, आणि वर्षभरात अशा प्रयोगशाळा दोन हजारांवर गेल्या. इतक्या नव्या हातांना हीच शिस्त लावायची होती. सीटीचा आकडा म्हणजे किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला तो. पंचवीस आणि पस्तीस यांत साधारण हजारपटीचा फरक. पस्तिशीच्या आसपासचा क्षीण निकाल खरा की उडालेल्या तुषाराचा, हे पाण्याशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही.

यावर उपाय जुनेच आहेत. मिश्रण करण्याची खोली वेगळी, नमुना घालण्याची वेगळी, वाढलेला डीएनए उघडण्याची वेगळी. माणसाने एकाच दिशेने जायचं. शेवटच्या खोलीतून पहिल्या खोलीत त्या दिवशी परतायचं नाही. पिपेट आणि कोटही नाही. समाजातलं सोवळंओवळं गेलं ते बरंच झालं. हे एवढं मात्र मी कडकपणे पाळायला लावते. एक रासायनिक युक्तीही आहे. डीएनएतल्या 'टी' या अक्षराऐवजी नव्या प्रतींमध्ये 'यू' घालायचं. मग दुसरं एक एन्झाइम पुढच्या प्रयोगाआधी 'यू' असलेल्या जुन्या प्रती शोधून तोडतं, आणि तापवल्यावर स्वतः निकामी होतं. नमुन्यातल्या खऱ्या डीएनएला धक्का लागत नाही. पण कपाटातल्या उंदराच्या डीएनएवर ही युक्ती चालत नाही, कारण त्यात 'यू' नसतोच.

आणि पाण्यात बॅण्ड आलाच तर? फक्त पाणी पुन्हा लावून, या वेळी स्वच्छ आलं म्हणून पुढे जायचा मोह होतो. तसं करायचं नाही. त्या बॅचचा एकही निकाल द्यायचा नाही. प्रायमर, क्षार, एन्झाइम हे सगळं आधीपासूनच लहान लहान वाट्यांत विभागून ठेवलेलं असेल, तर आता त्याचा उपयोग. एका वेळी एकच वस्तू बदलायची. सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून करावी, कारण सगळ्यात जास्त वेळा उघडली जाते ती तीच. मग क्षार, मग प्रायमर, शेवटी एन्झाइम. दोन-तीन दिवस जातात. दोषी सापडला की तो फेकायचा, टेबल ब्लीचने पुसायचं, आणि नमुने पुन्हा पहिल्यापासून.