अवजड यंत्रांचा सागरी प्रवास आणि गोंदिया जिल्हा



गोंदिया जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबईचे बंदर लोहमार्गाने सुमारे साडेनऊशे किलोमीटरवर आहे, तर रायपूरमार्गे विशाखापट्टणम सुमारे सातशे किलोमीटरवर. असे असता अवजड यंत्रसामग्रीच्या सागरी वाहतुकीचा विषय येथील सरपंचांपुढे व शिक्षकांपुढे कशासाठी मांडावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर तिरोडा तालुक्यात उभे आहे. तेथील औष्णिक विद्युत् केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच असून एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. पहिला संच २०१२ साली आणि पाचवा २०१४ साली कार्यान्वित झाला. बॉयलर, टर्बाइन व जनित्र ही त्यांची मुख्य यंत्रसामग्री चीनमध्ये घडविली गेली. ती समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला लागली आणि तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात आली.

जिल्ह्याच्या भूमीला हा अनुभव अगदीच नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूर व जबलपूरकडे अडीच फुटी रुळांचा सातपुडा लोहमार्ग निघाला. त्यावर धावणारी वाफेची इंजिने ब्रिटनमधील कारखान्यांत बनत आणि जहाजाने भारतात येत. मात्र त्या इंजिनांना बंदरापासून पुढे लोहमार्ग तयार मिळत असे. आजच्या अजस्र यंत्रांची गोष्ट वेगळी आहे.

एरव्हीचा व्यापारी माल कंटेनरमधून जातो. चाळीस फुटी कंटेनर बाहेरून सुमारे १२.२ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो व त्यात पंचवीस-सव्वीस टन माल मावतो. भातगिरणीतील तांदळाचे दाणे रंगावरून निवडणारे यंत्र त्यात सहज बसते. त्याहून रुंद वा उंच वस्तू बाजू नसलेल्या सपाट कंटेनरवर बांधतात. पण ६६० मेगावॅटच्या जनित्राचा स्थिर भाग एकटाच तीनशे टनांच्या घरात जातो. त्याला कंटेनर कुठला! अशा वस्तूंसाठी स्वतःच्या प्रचंड याऱ्या असलेली खास जहाजे असतात. यंत्राचा गुरुत्वमध्य कोठे आहे व उचलण्याचे दोर कोठे अडकवावयाचे, याच्या खुणा कारखान्यातच यंत्रावर रंगविलेल्या असतात. त्या चुकल्या, तर उचलताच यंत्र कलंडते.

समुद्रावर जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सतत कलत असते. म्हणून यंत्राखाली लाकडी ओंडके अंथरून भार पसरविला जातो आणि साखळ्या व तारदोरांनी ते जखडले जाते. खाऱ्या दमट हवेचा उपद्रव तर याहून चिवट. मोठे रोहित्र पाठविताना त्यातील तेल काढून घेतात आणि आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन वायू भरून ठेवतात. तो दाब वाटेत रोजच्या रोज पाहावा लागतो. उतरला, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे. रोहित्रावर हादरे नोंदविणारे छोटे उपकरणही बसविलेले असते. बंदरात पोचल्यावर जाणता माणूस यंत्राच्या रंगाकडे पाहण्याआधी त्या उपकरणाची नोंद पाहतो. लाकडी पेट्यांचेही नियम आहेत. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सलग ३० मिनिटे तसाच ठेवला, अथवा मान्य औषधाची धुरी दिली, तरच तिच्यावर कीडमुक्तीचा शिक्का बसतो.

कागदपत्रांची बाजू रूक्ष खरी, पण नुकसान बहुधा तेथेच होते. यंत्र मागविणारे अनेक गिरणीमालक असे समजतात की, किमतीत विमा व जहाजभाडे धरले असले म्हणजे माल भारतीय बंदरात उतरेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. तसे नाही. ‘सीआयएफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात विक्रेता भाडे व विमा भरतो. परंतु माल पलीकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची होते. पुढे बंदरापासून गिरणीपर्यंतचा प्रवास त्या विम्यात आहे की नाही, हे निराळे वाचून घ्यावे लागते. जहाज कंपनीची जबाबदारीही मर्यादित असते. अनेक देशांत प्रचलित असलेल्या हेग-विस्बी नियमांनुसार ती वजनावर मोजली, तर किलोमागे दोन ‘एसडीआर’, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनाची दोन एकके, एवढी भरते. शंभर टनांच्या यंत्रामागे ही रक्कम दोन लाख एकके होते; यंत्राची किंमत तिच्या कितीतरी पट असू शकते. त्यातही यंत्र उघड्या डेकवर नेले जाईल असे जहाजाच्या पावतीत नमूद असले, तर हे नियमही त्याला लागू होत नाहीत. आणि संकटात जहाज वाचविण्यासाठी झालेला खर्च जहाजातील सर्व मालाच्या मालकांवर वाटला जातो. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस अडकले, तेव्हा ज्यांच्या मालाला ओरखडाही उमटला नव्हता त्यांच्याकडूनही हमी मागण्यात आली.

इतके करून यंत्र बंदरात उतरते आणि खरा कठीण भाग तेथून पुढे सुरू होतो. समुद्राला पूल नसतात, वळणे नसतात आणि वरून तारा गेलेल्या नसतात. रेल्वेची मधोमध खोलगट असलेली खास वाघीण पुष्कळ भार वाहते. पण फलाटांच्या कडा, वरचे पूल आणि विजेच्या तारा यांच्या चौकटीत मावेल तेवढेच तिच्यावर जाऊ शकते. बाकीचे सारे रस्त्याने, पुष्कळ आसांच्या ट्रेलरवरून, माणसाच्या पायी चालीने. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ‘सत्तर-आर’ या वर्गाचे सर्वांत जड चाकी वाहन शंभर टनांचे धरलेले आहे. तीनशे टनांच्या यंत्रात ट्रेलरचे वजन मिळविले की हा आकडा केव्हाच मागे पडतो. म्हणून प्रत्येक पुलाची स्वतंत्र तपासणी होते. कोठे नदीपात्रात तात्पुरता वळणरस्ता घालावा लागतो. नागपूरकडून तिरोड्याला येताना वैनगंगा चुकत नाही. रायपूरकडून देवरीमार्गे यावे, तर राष्ट्रीय महामार्ग सोडल्यानंतरचे अरुंद रस्ते चुकत नाहीत.

मार्गाची पाहणी बंदराकडून सुरू करण्याची रीत आहे. ती उलट, गावाकडून सुरू करणे शहाणपणाचे. कारण सर्वांत कच्चा दुवा बहुधा शेवटच्या दहा किलोमीटरांत असतो. या जिल्ह्यात तर अनेक ठिकाणी रस्ता मालगुजारी तलावाच्या पाळीवरून जातो. पावसाळ्यात भिजलेल्या पाळीवर शेकडो टनांचा भार आला आणि ती खचली, तर तलावाखालच्या बांध्यांतील धान गेले. हे नुकसान जहाजाच्या विम्यात नसते, आणि ट्रेलर निघून गेल्यावर ते कोणामुळे झाले हे सिद्ध करणे ग्रामपंचायतीला कठीण जाते. उपाय साधा आहे. ट्रेलर येण्यापूर्वी मोऱ्या, पाळ व रस्त्याच्या कडा यांची छायाचित्रांसह लेखी नोंद करावी. तिच्यावर वाहतूकदाराचा प्रतिनिधी, बांधकाम विभागाचा अभियंता आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या सह्या असाव्यात. ट्रेलर गेल्यावर तीच नोंद पुन्हा करावी. शेतातून वळणरस्ता न्यावयाचा असेल, तर कापणी आटोपल्यावरच तो न्यावा, आणि भरपाईची रक्कम व बांध पूर्ववत् करून देण्याची मुदत आधी लिहून घ्यावी. या दोन कागदांना खर्च काहीच नाही. तरीही त्यांवाचून काम चालू ठेवण्याची घाई सर्वांनाच असते, पंचायतीलासुद्धा.

यंत्र एकदा येऊन पोचले म्हणजे विषय संपला असेही नव्हे. अशा केंद्रांतील यंत्रे पंचवीस-तीस वर्षे चालावीत या अपेक्षेने उभारली जातात. मधल्या काळात एखादे मोठे रोहित्र जळाले, तर त्याच्या जागी येणारे नवे त्याच वाटेने येणार. तोवर त्या वाटेवर गतिरोधक झालेले असतात, दुकाने पुढे सरकलेली असतात आणि प्रवेशद्वारावर हौसेने कमान उभी राहिलेली असते. कमानीचा ठराव ग्रामपंचायतीपुढे येतो, तेव्हा चर्चा नावाची आणि रंगाची होते. उंचीचा आकडा ठरावात क्वचितच लिहिलेला असतो.