तरोटा पेरा, गाजरगवत हटवा



बार्शीटाकळीहून महानकडे जाताना रस्त्याच्या कडेला नजर टाका. पांढऱ्या, बारीक फुलांचे एक झुडूप जागोजागी दिसेल. पाने गाजरासारखी. हे गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवतही म्हणते.

हे गवत आपल्या मातीतले नाही. त्याचे मूळ गाव दूर अमेरिकेत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम दिसले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. पुढे ते देशभर पसरले.

त्याचा त्रास आपण सगळे भोगतो. उपटणाऱ्या बाईच्या हाताला, मानेला खाज सुटते. कोणाच्या अंगावर पुरळ उठते, कोणाला दम लागतो. गाईने ते खाल्ले तर दूध कडू लागते. आणि एक मोठे झाड हजारो बिया टाकते! त्या वाऱ्याने उडतात, पाण्याने वाहतात, मुरमाबरोबर गाडीत बसूनही येतात.

तुम्ही म्हणाल, "उपटून टाकलं की झालं." आम्हीही तेच म्हणत होतो. रस्त्याची एक बाजू आम्ही उपटून साफ केली. पुढच्या पावसाला पाहतो तर काय, गवत पुन्हा गुडघ्याएवढे! तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रिकामे घर दिसले की चोर शिरतो. जमीनही रिकामी ठेवली की गाजरगवत शिरते. म्हणून त्या जागेवर आपला राखणदार बसवला पाहिजे.

तो राखणदार आपल्या ओळखीचाच आहे. तरोटा! दुसरीकडे त्यालाच टाकळा म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजी करतो, तोच हा. तो दाट उगवतो. जमिनीवर सावली धरतो. खालच्या गाजरगवताच्या रोपाला ऊन मिळत नाही, मग ते खुरटते. कर्नाटकात धारवाडच्या बाजूला तरोट्याच्या एका भावंडाने असेच गाजरगवत मागे हटवले. शास्त्रज्ञांनी ते पाहिले आणि लोकांना सांगितले.

आता करायचे काय, ते ऐका.

पहिले काम दिवाळीनंतरचे. तरोट्याच्या शेंगा पिकल्या की तडकून बी सांडते. म्हणून सकाळी दव असतानाच शेंगा तोडा. वाळवून, झोडून बी मडक्यात ठेवा.

दुसरे काम उपटायचे. गाजरगवत फुलावर येण्याआधीच मुळासकट काढा. ओल असली म्हणजे सहज निघते. हातांना कापड किंवा थैली बांधा. नाकातोंडावर फडके घ्या. ज्यांना पुरळ उठते, त्यांनी हात लावू नये.

तिसरे काम मिरगाआधीचे. माती थोडी उकरून तरोट्याचे बी दाट फेका. हे बी कठीण सालीचे असते. काही यंदा उगवेल, काही पुढच्या साली. म्हणून पहिल्या वर्षी निराश होऊ नका.

पण चार गोष्टी सांभाळा. तरोटा रस्त्याच्या कडेला, पडीक जागेवर, उकिरड्याभोवतीच पेरा. कपाशी-तुरीच्या वावरात तोही तणच आहे. धुऱ्यावरही जपून, नाहीतर बी वावरात जाईल. हिवाळ्यात तरोटा वाळतो, तेव्हा ओलीच्या जागी गाजरगवत डोके काढते. ते लगेच उपटा. आणि तरोट्यासारखे दिसणारे दुसरे झाड असते, कासविंदा. तरोट्याच्या एका देठाला पानांच्या तीन जोड्या असतात, शेंडा बोथट असतो. कासविंद्याच्या जोड्या जास्त, पाने टोकदार. कासविंद्याचे बी विषारी आहे. म्हणून अशा कोणत्याही शेंगा मुलांना खाऊ देऊ नका.

एकट्याने हे होत नाही. एकाने उपटावे आणि शेजाऱ्याच्या अंगणात ते फुलावे, तर कष्ट फुकट. त्यासाठी एका गल्लीने एक तुकडा निवडावा. मातीतले बी काही वर्षे जिवंत राहते, म्हणून दोन-तीन पावसाळे धीर धरावा.

औषध फवारायला पैसा लागतो. तरोट्याला पैसा लागत नाही. लागतात फक्त दहा हात आणि एक मडके बी.

येत्या दिवाळीनंतर पहिले मडके कोण भरणार? आमचे एक धरा. दुसरे कोणाचे?