सुखरूप परतीचा धडा



१९ मार्च २०२५ ची पहाट आठवा. रमजानचा महिना होता. आपल्या घराघरांत सहेरीची तयारी सुरू होत होती. आपल्या घड्याळात ३ वाजून २७ मिनिटे झाली असताना, अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ चार हवाई छत्र्यांखाली एक यान अलगद समुद्रात उतरले. तुमच्यापैकी काहींनी ते दृश्य मोबाईलवर पाहिलेही असेल. यानात चौघे होते: सुनीता विल्यम्स, बुच विल्मोर, निक हेग आणि अलेक्सांद्र गोर्बुनोव.

असे दृश्य पाहताना आपला श्वास रोखला जातो, तो उगीच नव्हे. यान ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने येते. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते. यानाच्या बाहेरची उष्णता सुमारे १,९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. काही मिनिटे संपर्कही तुटतो. मग छत्र्या उघडलेल्या दिसतात आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो.

पण मित्रहो, त्या पहाटेच्या यशाचा पाया सात महिने आधीच घातला गेला होता. सुनीता आणि विल्मोर ५ जून २०२४ रोजी स्टारलायनर यानातून निघाले, तेव्हा मुक्काम आठेक दिवसांचा ठरला होता. वाटेत हेलियम वायू गळू लागला आणि यानाला वळवणारी काही छोटी इंजिने बंद पडली. कित्येक आठवडे चाचण्या झाल्या, तरी पुरती खात्री पटेना. अखेर २४ ऑगस्टला ‘नासा’ने जाहीर केले की, या यानातून माणसे आणायची नाहीत. पुढच्या यानात दोन जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या. आठ दिवसांचे २८६ दिवस झाले.

रिकामे स्टारलायनर मात्र ७ सप्टेंबरला नीट उतरले! मग एवढी सावधगिरी व्यर्थच होती, असे कोणी म्हणेल. त्याने १ फेब्रुवारी २००३ हा दिवस आठवावा. ‘कोलंबिया’च्या उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी विनंती काही अभियंत्यांनी केली होती. ती छायाचित्रे घेतली गेली नाहीत. परतीच्या वेळी तापलेली हवा पंखात शिरली. उतरण्यास सुमारे १६ मिनिटे उरली असताना कर्नालची आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले.

दोन्ही वेळी विद्वत्तेची वाण नव्हती. फरक एवढाच की, एकदा शंकेला मान मिळाला, एकदा मिळाला नाही.

आता आपल्या वर्गाकडे पाहा. ‘समजले का?’ असे विचारताच सारी मुले ‘हो’ म्हणतात. एखादी मुलगी ‘नाही’ म्हणाली, तर बाकीचे हसतात. पुढच्या वेळी तीही ‘हो’ म्हणते. वास्तविक आपली परंपरा अशी नाही. मोठमोठे आलिमसुद्धा फतव्याच्या अखेरीस ‘वल्लाहु आलम’, म्हणजे खरे काय ते अल्लाच जाणे, असे लिहीत आले आहेत. तसे लिहिल्याने त्यांचा मान कमी झाला नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, ‘नाही समजले’ म्हणणाऱ्या मुलीला शाबासकी द्या. पालकहो, गुणपत्रिका पाहताना ‘आज काय विचारलेस?’ हेही विचारा. उद्या तीच एखाद्या पुलावर, इस्पितळात किंवा प्रयोगशाळेत ‘थांबा, पुन्हा तपासू’ असे म्हणेल, आणि कोणाचे तरी माणूस सुखरूप घरी येईल.